स्वयंसेवक आफ्रिकेत, बिबट्या उसात

पैसे भरून आफ्रिकेत जायचे, दोन आठवडे वन्यजीवांची ‘सेवा’ करायची आणि सिंहाच्या बछड्याला बाटलीने दूध पाजतानाचा फोटो टाकायचा. पुण्या-मुंबईचे हे वेड आता आमच्या देवळाली प्रवरातल्या मोबाइलवरही दिसते. माझा त्याला सरळ विरोध आहे.

तो बछडा बाटलीने दूध का पितो, हे कोणी विचारत नाही. त्याची आई कुठे आहे? दक्षिण आफ्रिकेत ‘अनाथ’ म्हणून दाखवलेले असे बछडे मोठे झाल्यावर कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जातात, हे 2015 च्या ‘ब्लड लायन्स’ या माहितीपटाने जगापुढे आणले. 2021 मध्ये तिथल्या सरकारलाही हा धंदा बंद करण्याची भूमिका घ्यावी लागली. सगळे प्रकल्प तसे नाहीत. नामिबियात 1996 च्या कायद्याने गावकऱ्यांनाच वन्यजीवांच्या व्यवस्थापनाचा आणि उत्पन्नाचा हक्क दिला. म्हणजे तिथे राखणारा तिथलाच माणूस आहे. मग प्रवरेकाठी राखणार कोण?

आमच्याकडे बिबट्या जंगलात नाही, उसात आहे. वर्षभर उभे पीक, कालव्याचे पाणी, वस्तीवरची कुत्री. त्याला आणखी काय हवे? विद्या अत्रेय यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्यात अभ्यास करून हे केव्हाच दाखवून दिले. मादी उसातच विते. तोडणी सुरू झाली की पिल्ले सापडतात, आणि पहिली गर्दी होते ती सेल्फीवाल्यांची. पिल्ले तिथेच सुरक्षित ठेवून माणसे लांब राहिली, तर रात्री मादी येऊन ती घेऊन जाते. वनखात्याने हे कितीतरी वेळा केले आहे. तिथे गर्दी मागे हटवायला चार शहाणी पोरे लागतात. विहिरीत बिबट्या पडला की तेच. बिबट्याला हात लावायचे काम वनखात्याचे, माणसांना आवरायचे काम आपले.

“पकडून लांब सोडा” हा आवडता उपाय जुन्नरमध्ये करून झाला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. बिबटे हलवायला लागल्यावर ते 17 वर गेले.

आता आपल्या समाजाबद्दल. आपल्या पोरांनी या भानगडीत पडू नये, उद्या काही विपरीत झाले तर नाव आपलेच येईल, असे मोठी माणसे सांगतात. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण मागे राहून ती कमी झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही. 1896 साली मुंबईत जन्मलेले सलीम अली विद्यापीठाच्या पदवीशिवाय आयुष्यभर पक्ष्यांमागे हिंडले. आज देशातला कोणताही पक्षिनिरीक्षक त्यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही. “हे आपले काम नव्हे” म्हणणाऱ्यांनी हा माणूस कोणाच्या खात्यात टाकला आहे?

दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो. ऊसतोड कामगारांच्या कोप्या फडाशेजारीच पडतात. आईबाप पहाटे अंधारात कोयता घेऊन जातात, मागे लहान मुले राहतात. त्या कोप्यांना दिवा नाही, शौचालय नाही. शेतकऱ्यालाही रात्रीच्या विजेवर पाणी भरावे लागते. कोप्यांवर सौरदिवे लावणे, मुलांना संध्याकाळनंतर एकटे न सोडण्याबद्दल आईबापांशी बोलणे, दिवसा विजेसाठी तहसीलवर निवेदन घेऊन जाणे: या स्वयंसेवेला पासपोर्ट लागत नाही. फोटोही बरा येणार नाही. आमच्या उर्दू आणि मराठी, दोन्ही वर्गांतली मोठी मुले हे करू शकतात. त्यांना अडवणारे आपणच आहोत.