उतरता आले पाहिजे!

‘आई, आता या वयात सायकल?’ मुलाने विचारले तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. रागाला उत्तर देता येते, काळजीला देणे कठीण जाते. म्हणून मी त्या दिवशी गप्प बसले.

माझे वय ६७. सायकल शिकले तेव्हा पुण्यात ती तासावर भाड्याने मिळत असे. पुढे शाळेतली नोकरी, बाजारहाट, वाचनालय, माहेरच्यांकडे जाणे-येणे, सारे सायकलवरच झाले. त्यात कौतुकाचे काही नव्हते. हे शहरच सायकलींचे होते आणि माझ्या वयाच्या कितीतरी बायका नऊवारी-पाचवारीचा काच मारून सायकली दामटत होत्या. चार वर्षांपूर्वी उजवा गुडघा कुरकुरू लागला. चढ आला की उतरून चालावे लागे. मग एक दिवस सायकल जिन्याखाली गेली आणि तिथेच राहिली.

सायकल गेली त्याचे दुःख फारसे झाले नाही. झाले ते वेगळ्याच गोष्टीचे. माझी बहीण तीन किलोमीटरवर राहते. तिच्याकडे जायचे तर ‘तुला केव्हा वेळ आहे रे?’ असे मुलाला विचारायचे. तो बिचारा कधी नाही म्हणत नाही. रिक्षाही मिळतात, पण एवढ्याशा अंतराला कुरकुरत मिळतात. हळूहळू मला कळले की, मी विचारण्याच्या कंटाळ्याने जाणेच कमी केले आहे. म्हातारपण असे पायातून आत येते. आधी जाणे थांबते, मग जावेसे वाटणे थांबते.

म्हणून बॅटरीवरच्या सायकलीची चौकशी सुरू केली. ही कल्पना नवी नाही. जपानमध्ये यामाहा कंपनीने १९९३ साली अशी सायकल बाजारात आणली, जिच्यात आपण पॅडल मारू तसतशी मोटर साथ देते. नेदरलँड्ससारख्या देशात आज पुष्कळ वृद्ध मंडळी अशाच सायकलींवरून हिंडतात. आपल्याकडचा कायदाही सोयीचा आहे. मोटर २५० वॉटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर त्या वाहनाला ना लायसन्स लागते ना नोंदणी. मात्र एखादा विक्रेता ‘हिची वेगमर्यादा काढून देतो’ म्हणाला, तर त्याला नमस्कार करून बाहेर पडावे. मर्यादा काढली की ती कायद्याने सायकल राहत नाही.

पहिल्या दुकानातला मुलगा मोठा गोड होता. ‘काकू, हिचा लूक बघा, एका चार्जिंगमध्ये ६० किलोमीटर जाते!’ मी विचारले, ‘बाळ, हिच्यावरून उतरायचं कसं?’ तो गोंधळला. हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नसावा. सायकलीला आडवा दांडा होता आणि त्यावरून पाय टाकणे मला तिशीतही जमले नसते.

आमच्या वयाच्या माणसाने खरेदीची सुरुवात याच प्रश्नापासून करावी, असे माझे मत आहे. दांडा अगदी खाली असावा, जुन्या लेडीज सायकलीहूनही खाली. पुरुषांनीही यात कमीपणा मानू नये. मागून टांग टाकताना तोल जाऊन पडायला वेळ लागत नाही. साडी किंवा ओढणी सांभाळायची असेल तर साखळीवर पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला जाळी हवी.

दुसरा प्रश्न सीटचा. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असे आपल्याला वाटते आणि ते बरोबरच आहे. पण सीट फार खाली घेतली तर पॅडल मारताना गुडघा जास्त दुमडतो आणि दुखतो. म्हणजे भीती घालवावी तर गुडघा दुखतो, आणि गुडघा जपावा तर भीती वाटते. यावर तोड अशी, की बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील एवढी उंची ठेवावी. काही सायकलींत पॅडल सीटच्या जरा पुढे असतात, तिथे पाय पूर्ण टेकवूनही गुडघा सरळ होतो. तशी मिळाली तर उत्तमच.

हँडल आपल्याकडे वळलेले असावे, म्हणजे पुढे वाकावे लागत नाही आणि मनगटांवर भार येत नाही. पण ताठ बसले की बहुतेक वजन बैठकीवर जाते. म्हणून सीट रुंद आणि स्प्रिंगची हवी. शिवाय दोन इंच रुंदीचे टायर घ्यावेत. आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक आणि खड्डे सोसायला जाड टायर स्वस्त शॉकअपपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

आता मोटरीविषयी. माझी खरी फजिती झाली ती इथे. दुसऱ्या एका दुकानासमोर मी सायकल चालवून पाहत होते. वळताना सवयीने हलकेच पॅडल मारले आणि सायकल एकदम पुढे उसळली. समोरच्या भिंतीपासून हातभर अंतरावर ब्रेक लागला! मागाहून कारण समजले. बऱ्याच स्वस्त सायकलींत पॅडल फिरते आहे की नाही एवढेच मोटरीला कळते. हलके मारले काय, जोरात मारले काय, ती आपली ठरलेली ताकद लावते आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. दुसऱ्या प्रकारात पायाचा जोर मोजणारे साधन असते. जितका जोर, तितकीच साथ. ही सायकल महाग पडते, पण थरथरत्या आत्मविश्वासाला तीच बरी. पैसे तेवढे नसतील तर निदान मदतीची पायरी अगदी कमी ठेवता येते का आणि ब्रेकला हात लावताच मोटर बंद पडते का, हे पाहावे. चौकातून निघताना गुडघ्यावर जोर नको म्हणून हातातला अ‍ॅक्सिलरेटर कामी येतो. पण सगळी वाट त्यावरच काढायची तर पायांना व्यायाम काय होणार?

बॅटरीचे गणित शाळेतल्या मुलालाही जमेल. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॉट-तास. किलोमीटरला साधारण १२ धरले तर ३० किलोमीटर झाले. मला दिवसाला आठ पुरतात. मग ६० किलोमीटरवाल्या बॅटरीचे ओझे मी का वाहावे? आधीच या सायकली २०-२५ किलोच्या असतात. तेव्हा सायकल हाती धरून दहा पावले चालून पाहावे, वळवावी, स्टँडला लावावी, एक पायरी चढवून पाहावी. जे दुकानात जमत नाही ते घरी जमणार नाही. बॅटरी सुटी काढता यावी, म्हणजे ती घरात आणून चार्ज करता येते. मात्र तिचाच चार्जर वापरावा, ती गादीवर वा दाराच्या वाटेत ठेवू नये आणि रात्रभर लावून झोपू नये. ब्रेक दोन्ही चाकांना डिस्कचे असले तर बोटांना कमी जोर लागतो. ब्रेकची दांडी बोटांजवळ आणता येते, तेवढे दुकानदाराकडून करून घ्यावे.

सायकल सर्वांनीच घ्यावी, असे मात्र मी म्हणणार नाही. चक्कर येत असेल, नजर अधू झाली असेल, तर आधी डॉक्टर. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्या तर साधे पडणेही महागात जाते. तोल हीच अडचण असेल तर तीनचाकी मिळते, पण तीही वळणावर सावकाश घ्यावी लागते. दुचाकीसारखी ती कलत नाही, वेगात वळवली तर उलटू शकते.

आणि रस्ते? या शहराचा सायकल आराखडा २०१७ साली मंजूर झाला. सायकलींसाठी मार्गही आहेत, पण ते मध्येच संपतात, नाहीतर त्यांवर मोटारी उभ्या असतात. वृद्धाने सायकल चालवू नये असे सांगणे सोपे आहे. त्याला चालवता येईल असा रस्ता देणे कठीण, म्हणून आपण सोपे ते करतो.

मुलाशी शेवटी बोलले. त्याच्या काळजीला मी अटींचे उत्तर दिले. हेल्मेट घालीन, दोन्ही आरसे लावीन, अंधार पडायच्या आत घरी येईन, मोठा रस्ता टाळून आतल्या गल्ल्यांतून जाईन. एक अट मीही घातली. सायकल मी निवडणार. पुष्कळ मुले प्रेमाने आईवडिलांना वस्तू आणून देतात. ती दिसायला छान असते, महागही असते आणि कोपऱ्यात धूळ खात पडते, कारण ती ज्याच्या अंगाला लागणार त्याला कुणी विचारलेले नसते. तो तीन दुकाने माझ्याबरोबर हिंडला. चौथ्या दुकानात मी बसले, चवडे टेकले, चालवली, थांबवली आणि सहज खाली उतरले. तेव्हा तोच म्हणाला, ‘हीच घे.’

गेल्या आठवड्यात बहिणीकडे गेले. फोन न करता. दार उघडून तिने आधी माझ्या मागे पाहिले. ‘कोणी सोडलं तुला?’

‘कुणी नाही,’ मी म्हणाले. ‘चहा टाक.’