पुडा मराठीत विकता, मग इशारा मराठीत का नाही?

या पानावर आम्ही बहुधा सीमाप्रश्नावर लिहितो. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा, मराठीतील कागदपत्रे, मराठी शाळा हे आपले नेहमीचे विषय. या वेळी मात्र आम्ही धुण्याच्या पावडरीवर लिहीत आहोत. 'हा काय चळवळीचा विषय झाला?' असे काहींना वाटेल. त्यांना एवढीच विनंती, की शेवटपर्यंत वाचावे आणि मग ठरवावे.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच घरी असा प्रसंग घडला. दुकानदाराने एका पुड्यावर एक फुकट दिला म्हणून पावडर बदलली. आठ दिवसांत घरातल्या माणसाच्या बोटांच्या बेचक्यात चट्टे उठले, कातडी सोलवटली, भाकरी थापणे अवघड झाले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पावडरीत काय काय आहे?" पुडा उलटसुलट करून पाहिला. पुढच्या बाजूला ठळक मराठीत शुभ्रतेची हमी होती. मागे बारीक इंग्रजीत दोन ओळी होत्या, वापरल्यावर हात धुवावेत एवढ्याच. पुड्यावरच्या क्रमांकावर फोन केला, तर उत्तर मिळाले की घटक सांगता येणार नाहीत, ते कंपनीचे गुपित आहे. आमच्या घरी पुडा बदलून भागले. पण सगळ्यांचे तसे भागत नाही.

निपाणी भागातील विडी कामगार भगिनींचाच विचार करा. दिवसभर पानतंबाखूत हात, आणि त्याच हातांनी घरादाराचे धुणे. बोटांना भेगा पडल्या की विडी वळता येत नाही, आणि जेवढ्या विड्या तेवढीच मजुरी. शहरातल्या सुखवस्तू घरात यंत्र कपडे धुते. ज्यांचे हात पावडरीच्या पाण्यात तासन्‌तास बुडतात, त्यांच्याच हातावर पोट असते. तेव्हा हा नटण्यामुरडण्याचा विषय नाही, हा रोजगाराचा विषय आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक खाज पावडरीची नसते. खरूज, नायटा यांवरही लोक साबणालाच दोष देतात. पावडरीमुळे होणारा त्रासही दोन प्रकारचा असतो. सोडा व फेस आणणारी द्रव्ये कातडीचे तेल काढून घेतात आणि ती कोरडी करून फाडतात. हे कोणालाही होऊ शकते आणि हेच अधिक आढळते. दुसरी खरी ॲलर्जी. ती सुवासाच्या किंवा टिकाऊपणासाठी घातलेल्या एखाद्या द्रव्याची असते, ठरावीक माणसालाच होते, आणि एकदा झाली की त्या द्रव्याच्या थोड्याशा स्पर्शानेही पुन्हा उसळते. ती ओळखण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या लावून दोन दिवसांनी व पुन्हा चौथ्या दिवसाच्या सुमारास पाहतात. पण द्रव्य ओळखले तरी ते कोणत्या पुड्यात आहे हेच ठाऊक नसेल, तर ते टाळायचे कसे?

आपल्या जुन्या घरांना ही गोष्ट नवी नाही. परीट कपड्यांवर बिब्ब्याची खूण करीत. बिब्बा कोणाला उततो आणि कोणाला उतत नाही, हे घरातल्या आजीला ठाऊक असे, आणि ज्याला उततो त्याला ती बिब्ब्यापासून लांब ठेवी. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांच्या अंगावर कपड्यांवरच्या खुणेच्या जागीच चट्टे उठू लागले. डॉक्टरांना त्याचे मूळ बिब्ब्यात सापडले आणि १९४३ साली त्यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात छापले. बिब्बा उतत असे, पण तो लपून बसत नसे. आजच्या पावडरीत बिब्बा नाही, परंतु जे आहे त्याचे नावच आपल्याला कळत नाही.

नाव सांगितल्याने धंदा बुडतो काय? मुळीच नाही. १९६९ साली इंग्लंडमध्ये पावडरीच्या कारखान्यातील कामगारांना, डाग काढणाऱ्या एन्झाइमची धूळ श्वासात जाऊन छातीचे विकार झाल्याचे एका डॉक्टरने जाहीरपणे लिहिले. त्यानंतर कंपन्यांनी एन्झाइमवर आवरण चढवून त्याचे दाणे केले. एन्झाइमच्या पावडरी आजही खपतात. युरोपीय संघाने २००४ साली नियम केला आणि ऑक्टोबर २००५ पासून तो लागू झाला. ॲलर्जी करणारे ठरावीक सुवास ०.०१ टक्क्याहून अधिक असतील तर त्यांची नावे पुड्यावर छापायची, डॉक्टरने मागितल्यास घटकांची यादी विनामूल्य द्यायची, आणि एखाद्या देशाने आपल्या भाषेचा आग्रह धरला तर त्या भाषेत छापायचे, असे त्यात ठरले. तिथे पावडरीचे कारखाने काही बंद पडले नाहीत.

आपल्याकडे अंगाच्या साबणावर घटक छापावे लागतात, कारण तो सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात येतो. धुण्याची पावडर त्या कायद्यात बसत नाही. वेष्टनावरील मजकुराबाबत २०११ चे नियम म्हणतात की तो देवनागरीत हिंदीत किंवा इंग्रजीत असावा, आणि त्याच्या जोडीला अन्य कोणतीही भाषा वापरायला मनाई नाही. म्हणजे मराठीला कायद्याची आडकाठी नाही. जाहिरातीत, भिंतीवर, पुड्याच्या दर्शनी बाजूवर कंपनीला मराठी चालते. सावधगिरीच्या ओळीपाशी आल्यावरच ती मराठी का विसरते?

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात उत्पादकाची जबाबदारी प्रथमच स्वतंत्र प्रकरणात आली. वापराच्या पुरेशा सूचना वा इशारा नसल्यामुळे इजा झाली, तर भरपाई मागता येते. सर्वांना ठाऊक असलेल्या धोक्याबद्दल मात्र उत्पादक जबाबदार ठरत नाही. सोडा हात खातो हे कोणाला माहीत नाही, असे कंपनीचा वकील म्हणेल. म्हणू द्या! पण न छापलेले सुवासाचे द्रव्य कोणाला माहीत असणार?

अर्थात आपल्याकडूनही चुका होतात. आठवडी बाजारात सुटी, बिननावाची पावडर आपण स्वस्त म्हणून घेतो. उत्पादक कोण हेच कळत नसेल तर कायद्याने विक्रेत्यावर जबाबदारी येऊ शकते, पण पावतीच नसेल तर विक्री झाली हे दाखवायचे कसे? म्हणून पावती घ्या. त्रास झाला तर पुडा फेकू नका, चट्ट्यांचे फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ती करता येते, त्यासाठी वकील सक्तीचा नाही, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. प्रथम सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आमची मागणी साधी आहे. धुण्याच्या पावडरीतील घटक पुड्यावर छापण्याची सक्ती केंद्र सरकारने करावी, डॉक्टरने मागितल्यास पूर्ण यादी मिळावी, आणि ज्या भाषेत माल विकला त्याच भाषेत इशाराही द्यावा. हे आपण केवळ मराठीसाठी मागत नाही. शेजारच्या कन्नड भगिनीचे हातही त्याच पाण्यात बुडतात, आणि तिच्या पुड्यावरचा इशारा तिला कन्नडमध्येच वाचता आला पाहिजे. तिचा हक्क मान्य करूनच आपला मागता येतो.

आपल्या मंडळाच्या महिला आघाडीने आणि गावोगावच्या बचत गटांनी येत्या २४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनापर्यंत या मागणीवर सह्या गोळा कराव्यात. आपल्या भाषेचा हक्क कचेरीच्या दारापाशी संपत नाही. तो न्हाणीघरातल्या पुड्यापर्यंत पोहोचला पाहिजे.