आधी वाट, मग वसाहत

बिडकीनमध्ये मोटार कारखाना उभारण्यासाठी टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. गुंतवणूक सुमारे २० हजार कोटींची. एथर, ल्युब्रिझॉल यांचीही नावे त्याच शिवाराशी जोडली गेली आहेत. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांची ‘ऑरिक’ नगरी आता कागदावरून जमिनीवर उतरते आहे, याचा छत्रपती संभाजीनगरला आनंद वाटणे साहजिक आहे. पण पहिल्या पाळीचा कामगार मुकुंदवाडीहून बिडकीनला जाणार कशाने? कंपनीची बस, शेअर रिक्षा नाहीतर स्वतःची दुचाकी, यापलीकडे या प्रश्नाला आज भक्कम उत्तर नाही.

ऑरिकच्या कुंपणाच्या आत क्रम बरोबर लावला गेला. रुंद रस्ते, भूमिगत वाहिन्या, सांडपाण्याची सोय यांचे नियोजन भूखंडांबरोबरच झाले. कुंपणाबाहेर मात्र जुनेच चालू आहे. कुंभेफळपासून चितेगावपर्यंत ‘एनए प्लॉट’चे फलक झळकतात, ‘ऑरिकपासून दहा मिनिटांवर’ अशी जाहिरात होते. ती दहा मिनिटे कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या वाहनाने, हे विचारायचे नसते.

या शहराला हा धडा नवा नाही. साठच्या दशकात पूर्वेला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आली, ऐंशीच्या दशकात पश्चिमेला वाळूज. १९८५ मध्ये बजाज वाळूजला आली आणि शहराचे नशीब पालटले. नंतर शेंद्रा पुन्हा पूर्वेला. कारखाने दोन टोकांना, घरे मध्ये आणि दोन्ही टोकांना जोडणारा मुख्य रस्ता एकच. पाळी सुटण्याच्या वेळी जालना रोडवर किंवा नगर नाक्याजवळ अडकलेल्या माणसाला नियोजनातील ही चूक समजावून सांगावी लागत नाही. बीड बायपासची कथा तर याहून बोलकी आहे. जड वाहने शहराबाहेरून जावीत म्हणून काढलेल्या या रस्त्याला सातारा-देवळाईच्या वसाहतींनी गिळले आणि मग त्याच बायपासवर उड्डाणपूल बांधण्याची वेळ आली. एकच काम दोनदा करायचे आणि दोन्ही वेळा पैसा जनतेचा.

दुसरा मार्ग महाराष्ट्रानेच दाखवला आहे. नवी मुंबई वसवताना सिडकोने मानखुर्द-वाशी रेल्वेमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलला, रेल्वेने ३३ टक्के. १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल धावली. रेल्वे आली म्हणून भूखंडांना भाव आला आणि भूखंडांच्या पैशातून पुढची रेल्वे झाली. हाँगकाँगच्या मेट्रोनेही स्थानकांभोवतीच्या बांधकामातून असाच निधी उभा केला. त्याच सिडकोने आपल्याकडे एन-१ पासूनचे सेक्टर आखले, घरे दिली, अंतर्गत रस्ते दिले. सार्वजनिक वाहतुकीचा कणा मात्र दिला नाही.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. ऑरिकचे भूखंडवाटप आणि भोवतालच्या रेखांकनांचे विकास शुल्क यांतील ठरावीक वाटा स्वतंत्र वाहतूक निधीत गेला पाहिजे आणि तो दुसरीकडे वळवण्यास बंदी हवी. मुंबई, पुणे, नागपुरात मेट्रोसाठी मालमत्ता खरेदीवर एक टक्का अधिभार घेतला जातो. तेथील व्यवहार त्यामुळे थांबलेले नाहीत. सरकारी खर्चाने जमिनीचा भाव वाढतो, तेव्हा त्या वाढीत लोकांचाही हिस्सा असतो. तो केवळ आधी सातबारा गाठणाऱ्याच्या खिशात जाऊ नये. यामुळे उद्योग बिचकतील, असे म्हणणाऱ्यांनी कामगारांची ने-आण करण्यावर कंपन्यांचा किती खर्च होतो, तेही विचारून पाहावे.

खर्चाचा क्रमही लावावा लागेल. शेंद्रा ते वाळूज अखंड उड्डाणपूल आणि त्यावरून मेट्रो, या प्रस्तावाची चर्चा वर्षानुवर्षे ऐकू येते. तो होईल तेव्हा होवो. पाळ्यांच्या वेळापत्रकाशी जुळलेल्या भरपूर शहर बस आणि त्यांच्यासाठी राखीव मार्गिका यांना तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. हाताशी असलेला लोहमार्ग तर आपण विसरूनच गेलो आहोत. दौलताबाद, संभाजीनगर, मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड, जालना ही स्थानके एका रेषेत आहेत आणि शेंद्रा त्याच रेषेलगत आहे. याच मार्गाच्या संभाजीनगर ते परभणी अशा १७७ किलोमीटर दुहेरीकरणाला केंद्राने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. दुसरा मार्ग टाकला जात असतानाच कामगारांसाठी शटल गाड्यांची आखणी झाली, तर त्यासाठी नव्याने भूसंपादनाचा घोळ घालावा लागणार नाही. बिडकीनला लोहमार्ग नाही. तिथे पैठण रस्त्यावर बसला पहिला हक्क दिला पाहिजे.

हे सारे जुळवण्याची जबाबदारी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने घ्यावी. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवली आणि पुढच्या काही वर्षांत नहरींनी तिला पाणी दिले. शहर वसवायचे तर माणसांच्या रोजच्या गरजेची सोय वसवणाऱ्यानेच करायची असते, हे त्याला कळत होते. यापुढे सार्वजनिक वाहतुकीची आखणी दाखवल्याशिवाय कोणत्याही मोठ्या रेखांकनाला मंजुरी देऊ नये. एवढा एक नियम प्राधिकरणाने केला आणि पाळला, तर बिडकीनचा बीड बायपास होणार नाही.