सुट्टीतली चूल

‘परदेशी सहल’ हा विषय आपल्या अंकात कशाला, असं काहीजणींना वाटेल. रेशन, पाणी, पोटगी, कोर्टाच्या तारखा एवढं सगळं पुढ्यात असताना सिंगापूरला जाऊन आलेल्या बाईने तिथल्या गमती सांगत बसावं हे बरं दिसत नाही, असं एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मला तोंडावर सांगितलंही. मला ते पटत नाही. बाईचे श्रम आपण मोजले, तिची मजुरी मोजली, तिच्यावरचे अत्याचार मोजले. तिची विश्रांती मात्र चैनीच्या खात्यात टाकून आपण मोकळ्या झालो. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास आपले स्वतःचे, ही कामगारांची मागणी शंभर वर्षांहून जुनी. घरात राबणारीसाठी ती आपण कधी नेटाने मांडली? घरी निदान कामाला काम तरी म्हणतात. सहलीत तेच काम हसतमुखाने, ‘मजा’ म्हणून करावं लागतं.

गेल्या मे महिन्यात नाशिकहून एकेचाळीस जणांच्या गटाबरोबर आम्ही गेलो. आम्ही म्हणजे सासूबाई, सासरे, नवरा, मुलगी आणि मी. सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या. सहलीच्या खर्चातला मोठा वाटा त्यांच्या निवृत्तीच्या पैशातून आलेला. हे मुद्दाम सांगते, कारण पैसा बाईच्या हाती आला की तिची सुटका झाली असं आपल्या शिबिरांतून फार सहज बोललं जातं.

निघण्याआधी पंधरा दिवस त्या रवा भाजत होत्या. दशम्या, चिवडा, मेतकूट, लसणीची चटणी आणि गरम पाणी ओतलं की उपमा होईल असा फोडणीचा रवा, असं सगळं मिळून नऊ किलो. हॉटेलात पहाटे साडेपाचला विजेची किटली सुरू व्हायची. सासऱ्यांना हॉटेलचा चहा चालत नाही. खाली नाश्त्याला दहा-बारा पदार्थ मांडलेले असत, पण ‘पोटाला घरचं बरं’ म्हणून उपमा खोलीतच. दार उघडलं तर शेजारच्या खोल्यांमधूनही तोच आलं-वेलचीचा वास. चौदाव्या मजल्यावर आमची अख्खी आळी चूल मांडून बसली होती. पाच दिवसांत किटलीचं बटण दाबताना मी एकही पुरुष पाहिला नाही. बटणच ते, त्याला पदर खोचावा लागत नाही.

प्रवासी कंपनीचा दावा काय, तर रोज आपलं भारतीय जेवण. नाव नोंदवताना फॉर्मवर शाकाहारी, मांसाहारी, जैन अशी एक ओळ होती आणि ती कुटुंबप्रमुखाने भरायची होती. संध्याकाळी साडेसहाला बस लिटल इंडियातल्या एका जेवणघरापुढे थांबायची. डाळ, पनीर, जिरा राईस, गुलाबजाम. दुसऱ्या दिवशी जेवणघर वेगळं, पनीर तेच. बायका आधी मुलांची ताटं करत, मग सासऱ्यांचं, मग नवऱ्याला ‘पापड हवा का’ विचारत. स्वतःचं ताट वाढून घेईपर्यंत गाइडची शिट्टी वाजायची. हे जेवण बायकांच्या सोयीसाठी असतं असं सांगतात. मी आमच्या बसमधल्या बायकांना विचारत गेले. अकराजणींपैकी नऊजणींना तिथलं काहीतरी खाऊन बघायचं होतं. घरच्यांना चालणार नाही म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

शाकाहारी माणसाचे परदेशात हाल होतात, ही सबब सिंगापूरला तरी लागू नाही. तिथे तामिळ माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात आणि चिनी बौद्धांचे निव्वळ शाकाहारी गाळे जागोजाग आहेत. तिसऱ्या दिवशी दुपार मोकळी मिळाली तेव्हा मी सासूबाईंना आणि गटातल्या एका निवृत्त परिचारिकेला घेऊन टेक्का सेंटरला गेले. (या बाई एकट्या आल्या होत्या. खोलीत जोडीदार नाही म्हणून कंपनीने त्यांच्याकडून जादा आकार घेतला होता. विधवा, परित्यक्ता, अविवाहित यांनी जग बघायचं तर दंड भरून!) ओल्या मंडईला लागूनच शे-दीडशे गाळे, वर पंखे, मध्ये बाकं. आम्ही डोसा घेतला, तिथे त्याला थोसै म्हणतात. ओलं खोबरं आणि गूळसाखर घातलेल्या तांदळाच्या शेवया घेतल्या. सासूबाई म्हणाल्या, “हे मी केलेलं नाही, म्हणून गरम खातेय.”

या केंद्रांचा इतिहास आपण समजून घ्यावा असा आहे. १९६८-६९ मध्ये तिथल्या सरकारने रस्त्यावरच्या विक्रेत्यांची नोंदणी केली आणि १९८६ पर्यंत त्यांना नळ, मोरी, वीज असलेल्या बांधीव गाळ्यांत हलवलं, तेही वसाहतींच्या आणि मंडयांच्या लगत. आज अशी शंभरावर केंद्रं आहेत. २०२० मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. रोज बाहेर जेवणं तिथे चैन नाही, आळशीपणा नाही आणि बाईच्या संसारावरचा डागही नाही. आपल्याकडे गिरणगावात हजारो कामगारांना खाणावळवाल्या बायकांनी जगवलं. पण मोरीचं पाणीसुद्धा त्यांना कुणी बांधून दिलं नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा कुठे त्यांना सावकाराऐवजी बँकेचं दार दिसलं. सार्वजनिक स्वयंपाकघर ही मागणी आपण सोडून का दिली, याचा विचार करायला हवा. तिथल्या गाळ्यांमागे उकाड्यात दहा-बारा तास उभ्या असलेल्या बायकाही मी पाहिल्या. त्या स्वस्त ताटाची किंमत त्यांच्याही पायांनी भरलेली असते.

आणखी एक. तिथे जेवल्यावर आपला ट्रे आपण उचलून ठेवायचा. २०२१ पासून न ठेवणाऱ्यावर कारवाई होते. शेवटच्या दिवशी नवरा आमच्याबरोबर आला आणि स्वतःचं उष्टं ताट उचलून मांडणीवर ठेवून आला. जे बारा वर्षांच्या संसारात माझ्या बोलण्याने झालं नाही, ते एका पाटीने झालं. ‘मन बदललं पाहिजे, कायद्याने काय होणार’ म्हणणाऱ्यांनी ही पाटी वाचून यावी.

खाण्याचं झालं, आता पाहण्याचं. मर्लायनच्या पुतळ्यापाशी आम्हाला वीस मिनिटं दिली. सिंहाचं तोंड, माशाची शेपटी, त्यातून पडणारं पाणी, आणि ते तळहातावर झेलल्याचा फोटो. तिथून चालत थोड्या अंतरावर, एस्प्लनेड उद्यानात, आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारक ब्रिटिशांनी १९४५ मध्ये परत येताच पाडलं, ही खूण १९९५ मध्ये बसवली. याच शहरात २२ ऑक्टोबर १९४३ रोजी झाशीची राणी रेजिमेंटच्या प्रशिक्षण छावणीचं उद्घाटन झालं. प्रमुख होत्या कॅप्टन लक्ष्मी. बंदूक हाती घेणाऱ्या त्या मुलींपैकी कित्येक मलायाच्या रबर मळ्यांतल्या तामिळ मजुरांच्या लेकी होत्या. भारत त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तांब्यांच्या घरातल्या मनूच्या नावाने समुद्रापलीकडे बायकांची पलटण उभी राहते आणि एकेचाळीस मराठी माणसांची बस तिथून एसी लावून निघून जाते! गाइडला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, त्यात बघण्यासारखं काही नाही.” मेणाचे पुतळे मात्र दीड तास बघितले.

बॉटॅनिक गार्डनमध्ये सिंगापूरचं राष्ट्रीय फूल आहे, ‘मिस जोकिम’ ऑर्किड. अ‍ॅग्नेस जोकिम या आर्मेनियन बाईने दोन जातींचा संकर करून ते घडवलं आणि १८९३ मध्ये तिथल्या उद्यानप्रमुखाने तशी नोंदही केली. पुढे कुणाकुणाच्या डोक्यात आलं की बाईने संकर कसला केला असेल, बागेत आपोआप उगवलेलं तिला सापडलं असेल. १९८१ मध्ये फूल राष्ट्रीय झालं. ते घडवण्याचं श्रेय मात्र तिला २०१६ मध्ये अधिकृतपणे परत मिळालं. बाईचं ज्ञान म्हणजे योगायोग, हा आपल्याही ओळखीचाच न्याय.

त्या बागेत आम्ही गेलो तो रविवार होता. झाडांखाली चटया टाकून बायकांचे घोळके बसलेले. डबे उघडलेले, कुणी केक कापतंय, कुणी कुणाच्या वेण्या घालतंय, गाणी चाललीत. आमच्या गटातल्या एकाने शेरा मारला, “इथे बायका फारच मोकळ्या दिसतात.” त्या घरकामगार होत्या, फिलिपाइन्सच्या, इंडोनेशियाच्या. सिंगापूरने १९७८ मध्ये परदेशी घरकामगार आणण्याची योजना सुरू केली, ती आपल्या बायकांनी नोकरीला बाहेर पडावं म्हणून. आज त्या तीन लाखांच्या आसपास आहेत. तिथल्या बाईची चूल सुटली ती अशी, एका हातातून दुसऱ्या हातात गेली. पुरुषाच्या हाताला ती लागलीच नाही.

या बायकांना तिथला रोजगार कायदा लागू नाही. दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी होते, त्यात गर्भ राहिला आहे का हेही बघतात. राहिला तर सहसा मायदेशी परत पाठवणी. आठवड्याच्या सुट्टीचा नियम आला १ जानेवारी २०१३ पासून, तोही पळवाटेसह. कामगार राजी असली तर सुट्टीऐवजी पैसे देता येतात. मालकिणीच्या घरात राहणारी, कर्ज काढून आलेली बाई राजी नसेल तर काय करणार? म्हणून २०२३ पासून महिन्यातली एक सुट्टी तरी पैशाने विकत घेता येणार नाही, असं ठरवावं लागलं.

सासूबाई त्यांच्यातल्या एकीशेजारी गवतावर बसल्या. मी दुभाषी. त्यांनी विचारलं, “आज तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?” ती हसली. म्हणाली, “ते बाहेर जेवतात. रात्री परत गेले की सकाळची भांडी मी घासते.”

बसमध्ये यावर चर्चा झाली. सगळ्यांना फार वाईट वाटलं. मग एकीने फोन काढून नाशिकला लावला, “मावशी, कुंड्यांना पाणी घातलं ना? आणि आम्ही नाही तर माळे साफ करून घ्या.” मालकीण परदेशी, तर मावशींना दुप्पट काम. सुट्टीचा विचार कुणाच्या मनात आला नाही.

पुण्यात मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला २००८ मध्ये. त्यात नोंदणी आहे, मदतीच्या योजना आहेत. आठवड्याची सुट्टी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक १८९ सलग चोवीस तासांची साप्ताहिक सुट्टी सांगतो. २०११ मध्ये भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण आजवर तो स्वीकारलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमून घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला सांगितलं. सिंगापूरला नावं ठेवताना हे ध्यानात असू द्या, की निदान त्या रविवारी बागेत बसलेली बाई कायद्याचं बोट दाखवू शकते. आमच्या वस्तीतली सुनंदाताई किंवा रझियाबी ते करू शकत नाही.

परत आल्यावर वस्तीतल्या गटात हे सांगितलं. सहा घरची कामं करणारी एक म्हणाली, “ताई, रविवारी तर पाहुणे असतात, त्या दिवशीच जास्त भांडी.” मग गटाने ठरवलं की महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या, कोणता वार ते आधी ठरवून, कागदावर लिहून घ्यायचं. मसुदा तयार आहे, एक पानाचा. सह्या घ्यायला आपल्याच संस्थेच्या कार्यकारिणीपासून सुरुवात केली. तेराजणींपैकी आठजणींनी जागेवर सही केली. पाचजणी ‘बघू’ म्हणाल्या. त्यांतल्या दोघींनी गेल्या आठ मार्चला घरकामाच्या मूल्यावर भाषण केलं होतं. त्या पाचजणींची नावं या अंकात छापत नाही. पुढचा अंक तीन महिन्यांनी निघेल.