संगणकाचे मोल कोणत्या भाषेत मोजायचे?

येऊ घातलेल्या डेस्कटॉप संगणकांची सारी चर्चा आता 'एनपीयू' या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या चिपभोवती घुटमळते आहे. मायक्रोसॉफ्टने २०२४ साली 'कोपायलट प्लस' संगणकांसाठी घातलेली अट सेकंदाला ४० लाख कोटी क्रियांची! आकडा दिपवणारा खराच. पण नंदुरबारच्या एखाद्या महाविद्यालयातील मराठी विभागाने त्यासाठी जादा पैसे का मोजावेत?

या जिल्ह्याचे वाङ्मय बव्हंशी कंठात आहे. धडगावकडची पावरी, नवापूरकडची मावची, शिवाय देहवली. ते जतन करण्याजोगे, म्हणजे ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटच्या स्टिरिओत, मुद्रित केले तर तासाला सुमारे एक गीगाबाइट जागा लागते. वरील निकषातच साठवणुकीची किमान मर्यादा मात्र अवघी २५६ गीगाबाइट. विंडोज आणि इतर पसारा वजा जाता दोनशेएक तासांत ती भरून जाईल. लग्नगीते जाणणाऱ्या म्हाताऱ्या पुढच्या अनुदानापर्यंत थांबतील, याची हमी कोण देणार?

उद्या हीच चिप पावरी ऐकून लिहून घेईल, असा आक्षेप येईल. येवो. पण त्यासाठीही आधी तासन्‌तास पावरी कुणीतरी साठवलेली असावी लागेल.

तेव्हा प्रोसेसर साधाच घ्यावा. पैसा दोन स्वतंत्र डिस्क, यूपीएस आणि बऱ्यापैकी मायक्रोफोन यांवर खर्चावा. डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव भडकले. म्हणून रॅमची १६ गीगाबाइटची एकच पट्टी घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवावा. भाव उतरले की तो भरता येईल.