दुष्टतेचा प्रश्न आणि कर्तव्यच्युतीचे पाप

२१ एप्रिल २०१९. प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा सण. त्या सकाळी श्रीलंकेतील तीन चर्चेस व कोलंबोतील तीन हॉटेलांत आत्मघातकी बॉम्बस्फोट झाले. कोलंबोमधील कोच्चिकडे येथील संत अंतोनीचे तीर्थस्थान, नेगोंबोजवळील कटुवापिटिया येथील संत सेबास्तियन चर्च आणि बट्टिकलोआ येथील प्रॉटेस्टंट बांधवांचे झायन चर्च यांत सणाच्या उपासनेसाठी जमलेले भाविक क्षणार्धात मृत्युमुखी पडले. एकूण बळींची संख्या २६० हून अधिक होती. एकट्या संत सेबास्तियन चर्चमध्ये शंभराहून अधिक जीव गेले.

अशा वेळी श्रद्धावंताच्या ओठी पहिला प्रश्न येतो तो हा : परमेश्वर जर चांगला आहे, तर त्याने हे घडू का दिले? हा प्रश्न अश्रद्धेचा नव्हे. ईयोबाने तो विचारला आणि स्तोत्रकर्त्यांनीही विचारला. मात्र श्रीलंकेत पुढे जे उघड झाले, त्याने या प्रश्नाला एक वेगळे वळण दिले आहे.

हल्ला होऊ शकतो अशी सूचना भारतीय गुप्तचर यंत्रणेने एप्रिलच्या आरंभीच श्रीलंकेला दिली होती. ती कार्यालयांतून फिरली, परंतु चर्चेसना कोणी सावध केले नाही. तत्कालीन राष्ट्रपती व पंतप्रधान यांच्यात बेबनाव होता. १२ जानेवारी २०२३ रोजी श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्रपती मैत्रीपाल सिरिसेना आणि चार वरिष्ठ अधिकारी यांनी नागरिकांच्या मूलभूत हक्कांचे रक्षण करण्यात कसूर केली, असा निर्णय दिला. सिरिसेना यांनी स्वतःच्या उत्पन्नातून १० कोटी श्रीलंकन रुपये नुकसानभरपाई द्यावी, असा आदेशही झाला.

येथे संत आगुस्तीन यांची शिकवण आठवते. त्यांच्या मते दुष्टता ही परमेश्वराने निर्माण केलेली वस्तू नसून, जे चांगले असायला हवे होते त्याचा अभाव आहे. सामान्य वाचकाला हा विचार कोरडा वाटतो, कारण बॉम्ब हा काही अभाव नव्हे. पण त्या कार्यालयांकडे पाहिले म्हणजे त्याचा अर्थ उमगतो. तेथे कोणी बॉम्ब बांधला नाही. एक दूरध्वनी करायला हवा होता, तो झाला नाही. हल्लेखोरांचे क्रौर्य निश्चितच अधिक भयंकर. तथापि त्या क्रौर्याला वाट मोकळी मिळाली ती या पोकळीतून. पवित्र मिस्साच्या आरंभी आपण विचार, शब्द व कृती यांबरोबरच कर्तव्यात केलेल्या कसुरीचीही कबुली देतो. ती ओळ आपण किती सहजपणे म्हणून टाकतो!

परमेश्वर मानवाला स्वातंत्र्य देतो व त्या स्वातंत्र्याचा मान राखतो, म्हणून तो दुष्टता घडू देतो. आणि तीतूनही चांगले निष्पन्न करू शकतो, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. याचा अर्थ दुष्टता अखेर चांगलीच असते, असा मुळीच नाही. मूल गमावलेल्या मातेला असे सांगणे ही क्रूरताच ठरेल. क्रूसावर परमेश्वराने दुःखाचे स्पष्टीकरण दिले नाही. तो स्वतः त्यात उतरला.

कोलंबोचे कार्डिनल माल्कम रंजित यांनी २०२० च्या ईस्टरच्या मिस्सात हल्लेखोरांना क्षमा केल्याचे जाहीर केले. त्याच कार्डिनलांनी सूत्रधार कोण, हे सत्य उघड व्हावे म्हणून वर्षानुवर्षे मागणी चालू ठेवली. एप्रिल २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही सत्य व न्याय यांसाठी आवाहन केले. काहींना यात विसंगती दिसली. परंतु क्षमा सूडाची इच्छा सोडते, सत्याची मागणी सोडत नाही. अपराधाचे नावच घ्यायचे नसेल, तर क्षमा करायची कशाची?

याच भूमीत आपल्या शेजारच्या गोव्यातील बाणावलीचे सुपुत्र संत जोसेफ वाझ यांनी सेवा केली. १६९७ साली कँडी येथे देवीची साथ पसरली, लोक आप्तांनाही टाकून पळाले, तेव्हा ते रुग्णांपाशी थांबले. साथ का आली, याचे उत्तर त्यांनी दिल्याचे ठाऊक नाही. त्यांनी रुग्णांना पाणी पाजले, निवारा दिला, मृतांना मूठमाती दिली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथेच त्यांना संतपद बहाल केले.

बंधुभगिनींनो, "देवा, तू कुठे होतास?" असे आपण अवश्य विचारावे. मात्र उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर काईनाला त्याच्या भावाविषयी विचारतो, हेही ध्यानी ठेवावे. आपल्या धर्मग्रामात शेजारच्या घरातून येणारा मारहाणीचा आवाज, एकाकी वृद्धाचे बंद दार, धोका दिसूनही न दिलेली सूचना, हे सारे त्याच प्रश्नाच्या कक्षेत येते. येत्या रविवारी कबुलीची ती ओळ उच्चारताना क्षणभर थांबू या आणि त्या आठवड्यात जे करायचे राहून गेले, ते आठवू या.