छातीवरचा बिल्ला

गेल्या आठवड्यात कर्जत-खोपोली लोकलमध्ये शेजारच्या ताईंचा मुलगा भेटला. कारखान्यात पाइपांच्या वेल्डिंगचे गॅमा किरणांनी फोटो काढण्याचे त्याचे काम. टीएलडी बॅज लावतोस ना, असे विचारले. म्हणाला, "काका, तो ड्रॉवरमध्येच असतो. हरवला तर साहेब ओरडतात." वाचकहो, आजचे सदर त्याच्यासाठी आणि त्याच्या आईसाठी.

या बिल्ल्यात अॅल्युमिनियमच्या पट्टीवर तीन छोट्या चकत्या असतात. त्यांत कॅल्शियम सल्फेटची पूड असते. खडू आणि हाड मोडल्यावरचे प्लास्टर याच जातीचे. नुसती ही पूड आपल्या कामाची नाही. तिच्यात डिस्प्रोशियम नावाच्या धातूचे अगदी थोडे अणू मिसळतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ही चकती तयार झाली आणि 1970 च्या दशकापासून ती देशभर कामगारांच्या छातीवर आली. शास्त्राच्या पुस्तकात अशा मिसळलेल्या अणूंना 'अशुद्धी' म्हणतात. हा शब्द आपल्याला नवा नाही! इथे उजेड येतो तो मात्र या अशुद्धीतूनच.

किरण चकतीवर पडले की आतले इलेक्ट्रॉन जागचे उडतात आणि भाताच्या खाचरात बांधाआड पाणी अडावे तसे अडकून बसतात. तीन महिन्यांनी बिल्ला तपासणीला जातो. तिथे चकती पाण्याच्या उकळीच्या कितीतरी वर, सुमारे 285 अंशांपर्यंत तापवतात. बांध फुटतो, साठलेली शक्ती डिस्प्रोशियमच्या अणूला मिळते आणि तो उजळतो. हा उजेड फार मंद. यंत्र तो मोजते. जितका उजेड, तितके किरण अंगावर पडले.

वेल्डर मंडळींना आर्गॉनचे सिलिंडर माहीत आहे. तोच वायू उणे 189 अंशांखाली नेला की गोठून घट्ट होतो. गोठताना त्यात परक्या अणूंची चिमूट अडकवून किरण सोडले आणि मग जरासे ऊबेला आणले, तर तिथेही असाच उजेड पडतो. फरक एवढाच, की आर्गॉनमधला साठा थंडी सरताच सुटतो आणि आपल्या चकतीतला महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून तर ती खिशाला लावता येते.

आता ड्रॉवरचे पाहू. चकती ड्रॉवरवर पडलेले किरण मोजते, माणसावरचे नाही. कामगारासाठी मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात 30. कागदावर शून्य आले तर मर्यादा ओलांडली हे कळणार कोणाला? उद्या आजार निघाला तर हातात पुरावा कोणता?

काम करताना बिल्ला छातीवर हवा. काम संपल्यावर तो घरी आणायचा नाही, किरणांपासून दूर ठरलेल्या जागी ठेवायचा. भट्टीजवळ किंवा उन्हात नको. बिल्ला पुरवणे मालकाचे काम आहे, आणि आपला आकडा किती आला हे दर तिमाहीला विचारून वहीत लिहून ठेवावे. कारण चकती एकदा तापवून वाचली की तिच्यातला उजेड संपतो. ती पुसून पुन्हा वापरात येते, मागे राहतो तो फक्त आकडा.